वनरस्त्याची रेघ सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : सुमारे ४०० हेक्टरचं डोंगराळ जंगल आहे, ठरावीक वर्षांच्या फेऱ्यांनी निवडक झाडं तोडायची आहेत, शाश्वत व्यवस्थापनाचं प्रमाणपत्रही हवं आहे. नकाशावर ३०० मीटर अंतराने समांतर रस्ते आखून झाले आहेत. आता चढ किती ठेवावा, रुंदी किती, आणि रस्ते कमी केले तर जंगल जास्त सुरक्षित राहील का?

आकडे पुढे देतो. पण आधी ती ३०० मीटरची आखणी घडी घालून ठेवून द्या. समांतर रेघा कागदावर शोभतात; डोंगरावर त्या ओढा, घळ, झरा, कडा काहीच जुमानत नाहीत. माझी पंचवीसेक वर्षं वनरस्त्यांत गेली, त्यातली निम्मी दुसऱ्यांनी आखलेले रस्ते दुरुस्त करण्यात. त्यातून एक क्रम डोक्यात पक्का बसला. ओंडका बुंध्यापासून रस्त्यापर्यंत कसा येणार ते आधी ठरवायचं, मग पाणी कुठून उतरतं ते बघायचं, आणि रस्त्याची रेघ त्यानंतर मारायची. बहुतेक ठिकाणी उलटं चालतं. रस्ता आधी होतो, त्यावर जमेल ते यंत्र येतं आणि पाण्याची आठवण पहिल्या मोठ्या पावसात होते.

उतार साधारण ३५ टक्क्यांच्या आत असेल तर यंत्रं जमिनीवरून काम करू शकतात : ओंडका फरफटत नेणारा स्किडर किंवा तो अंगावर लादून नेणारा फॉरवर्डर. त्यापुढे, आणि ओल्या चिकण मातीत त्याच्याही आधी, चाकं घसरायला लागतात आणि वाट खरवडून निघते. तिथे केबल यार्डर लागतो. रस्त्यावर मनोरा उभा करायचा, उतारावर पोलादी दोर ताणायचा, आणि त्या दोरावरून धावणाऱ्या कप्पीगाडीने ओंडका निदान एका टोकाला उचलून आणायचा. अलीकडे विंचच्या (दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राच्या) दोराने बांधलेली यंत्रं याहून तीव्र उतारावर उतरवतात. त्याने यंत्र घसरत नाही, हे खरं. मात्र यंत्राखालची माती दोराने बांधलेली नसते, हे विसरू नका.

रस्ता कुठे जाणार हे याच निवडीवर ठरतं. केबलने लाकूड वर ओढणं खाली सोडण्यापेक्षा सोपं असतं, कारण ओंडका ताब्यात राहतो. म्हणून केबलचा रस्ता धारेवर किंवा उताराच्या वरच्या भागात असावा, आणि तिथे ओढेही कमी ओलांडावे लागतात. स्किडरला उतरणीकडे ओढणं सोयीचं, म्हणून त्याचा रस्ता खालच्या अंगाला येतो. इथेच घोटाळा होतो. खालच्या अंगाला म्हणजे लोक थेट ओढ्याच्या काठाकाठाने रस्ता नेतात, कारण तिथे खोदकाम कमी आणि चढही सौम्य मिळतो. असा रस्ता पुढे जन्मभर ओढ्यात गाळ सोडत राहतो. स्किडरचा रस्ता खाली हवा, हे मान्य. पण ओढा आणि रस्ता यांच्यामध्ये न तुडवलेल्या, पालापाचोळ्याने झाकलेल्या जमिनीचा रुंद पट्टा राहिलाच पाहिजे.

आता अंतराकडे येऊ. रस्ते जवळजवळ असले तर बांधकामाचा खर्च वाढतो, लांब लांब असले तर ओंडके ओढण्याचा. या दोन खर्चांचा मेळ घालण्याचं गणित डोनाल्ड मॅथ्यूज यांनी १९४२ मध्ये मांडलं आणि आजही त्यात मूलतः बदल झालेला नाही. दोन रस्त्यांमधलं अंतर ३०० मीटर असेल तर हेक्टरी ३३ मीटर रस्ता लागतो, म्हणजे तुमच्या ४०० हेक्टरांना १३ किलोमीटरहून जास्त. अंतर ६०० केलं तर लांबी निम्म्यावर येते. ओढण्याचं सरासरी अंतर, दोन्ही बाजूंनी ओढत असाल तर, रस्त्यांमधल्या अंतराच्या चौथ्या भागाइतकं : पहिल्या आखणीत ७५ मीटर, दुसरीत १५०. प्रत्यक्षात वाट वाकडीतिकडी असते, त्यामुळे थोडं जास्तच धरा.

हेक्टरी रस्त्याचा खर्च आणि हेक्टरी ओढण्याचा खर्च जिथे सारखे होतात, तिथे एकूण खर्च सगळ्यात कमी असतो. या गणितातल्या दोन गोष्टी लोक बघत नाहीत. पहिली अशी, की योग्य अंतर हे हेक्टरी निघणाऱ्या लाकडाच्या वर्गमुळाच्या उलट्या प्रमाणात बदलतं. लाकूड चौथाईवर आलं की योग्य अंतर दुप्पट होतं. तुमची तोड निवडक आहे, हेक्टरी लाकूड थोडं निघणार; आणि ३०० मीटरचं अंतर मला सरसकट तोडीच्या जंगलातून उचलल्यासारखं वाटतं. दुसरी, खर्चाचा आलेख तळाशी चांगलाच चपटा असतो. योग्य अंतर ६०० निघालं आणि तुम्ही ७५० ठेवलंत, तर एकूण खर्च जेमतेम अडीच टक्के वाढतो. तेच ३०० ठेवलंत तर २५ टक्के. शिवाय गाळ, मोडलेला अधिवास, रस्त्यावरून आत घुसणारी अतिक्रमणं यांपैकी एकही गोष्ट या सूत्रात नाही. तेव्हा सूत्रातून जे अंतर येईल त्याहून थोडं जास्तच घ्यावं, असं माझं मत आहे.

म्हणजे रस्ते कमी तितकं जंगल सुरक्षित? तसंही नाही. एका मर्यादेपलीकडे अंतर वाढवलं की स्किडर त्याच वाटेवरून लांब लांब खेपा घालतो, आणि रस्त्याची वाचवलेली जमीन ओढवाटांखाली, म्हणजे ओंडके ओढायच्या वाटांखाली, दबून जाते. कागदावर रस्त्यांची घनता कमी दिसते, पायाखाली मात्र जंगल तुडवलेलं असतं. प्रमाणपत्राची तपासणी करणाऱ्यांना मी नेहमी सांगतो, रस्त्याची लांबी विचारता तशी उघड्या आणि दबलेल्या जमिनीची एकूण टक्केवारीही विचारा.

जागा निवडताना नकाशावर आधी अडलेले बिंदू खुणावा. खिंड, सपाट टप्पा, ओढा ओलांडायला अरुंद आणि खडकाळ जागा, यांतून रस्ता गेलाच पाहिजे. दरड, झऱ्याची ओळ, पाणथळ, कडा, यांना तो शिवताही कामा नये. मग चढ धरून समोच्च रेषांवर पावलं टाका : रेषांमधलं अंतर १० मीटर आणि चढ ८ टक्के असेल तर एका रेषेवरून दुसरीवर जायला १२५ मीटर लागतात. कर्कटकात नकाशाच्या मापाने तेवढं अंतर घेऊन रेघ पुढे सरकवत न्यायची. लायडारचा (आकाशातून लेझरने जमीन मोजून केलेला) नकाशा मिळाला तर फारच उत्तम, झाडीखालच्या जुन्या दरडी आणि विसरलेल्या वाटा त्यात स्पष्ट दिसतात. पण तरीही चालायचंच. क्लिनोमीटर (उतार मोजायचं साधन) आणि रंगीत फिती घेऊन, शक्यतो पाऊस चालू असताना. बुंध्यापाशी वाकून पुन्हा सरळ वाढलेली झाडं, वेगवेगळ्या दिशांना कललेली खोडं, उतारावर मध्येच आलेली पाणवनस्पतींची हिरवी पट्टी, ही जमीन सरकत असल्याची किंवा आतून पाणी झिरपत असल्याची लक्षणं. तिथून रेघ हलवा. दोन दिवस जास्त चालण्याने वाचणारी माती नंतर कुठल्याही पोकलेनने परत आणता येत नाही.

चढ २ ते ८ टक्क्यांत ठेवा. अडचणीच्या थोड्या लांबीत १२ पर्यंत चालेल, नागमोडी वळणावर ५-६ च्या वर जाऊ नका. आणि शून्य चढ नको. अगदी सपाट रस्ता छान वाटतो, पण त्यावरचं पाणी जागचं हलत नाही, डबकं होतं, डबक्यातून ट्रक जातो आणि चाकोरी पडते.

रुंदीचं उत्तर मी हिशेबानेच देतो, कारण या एका बाबतीत सगळ्यांचाच हात सैल सुटतो. ६० टक्के उतारावर ४ मीटर रुंदीचा रस्ता पूर्णपणे डोंगरात खोदून बसवायचा आणि वरची कापणी दोनास एक (दोन उंची, एक आडवं) अशी उभी ठेवायची म्हटलं, तर मीटरमागे जवळपास ७ घनमीटर माती निघते. रुंदी ६ मीटर करा, माती १५ घनमीटरवर जाते. रुंदी दीडपट, माती सव्वादोन पट, कारण कापणीचा त्रिकोण दोन्ही दिशांनी वाढतो. वर उघडी पडलेली कापणीही तेवढी उंच होते आणि ढासळायला लागते. तेव्हा एकपदरी रस्ता, नजरेच्या टप्प्यात एकेक पासिंगची जागा, आणि फक्त वळणांवर वाढीव रुंदी. ती वाढ किती, तर चाकांच्या जोड्यांमधल्या अंतराचा वर्ग भागिले त्रिज्येची दुप्पट : अंतर ६ मीटर आणि त्रिज्या १५ मीटर असेल तर १.२ मीटर.

'निम्मी कापणी, निम्मा भराव' ही पाठ्यपुस्तकातली युक्ती सौम्य उतारावर ठीक आहे. सुट्या मातीचा भराव साधारण दीडास एक (इथे दीड आडवं, एक उंची) या उतारावर टिकतो, म्हणजे ६७ टक्के. डोंगराचा उतार ४० टक्के असेल तर २ मीटर रुंदीच्या भरावाचा पाया आणखी ३ मीटर खाली टेकतो. उतार ६० टक्के झाला की तोच भराव १८ मीटर खालपर्यंत घसरत जातो आणि उतारावर मातीचा पातळ, सैल पापुद्रा पसरतो. खाली गाडलेली झुडपं आणि बुंधे कुजतात, पोकळी होते, आणि काही वर्षांनी एका ओल्या रात्री रस्त्याची बाहेरची कड निघून जाते. ५५-६० टक्क्यांच्या पुढे पूर्ण कापणी करून माती ट्रकने हलवायची तयारी नसेल, तर तिथे रस्ताच करू नका.

आता पाणी. माझं निम्मं आयुष्य यात गेलं आहे, तेव्हा थोडा वेळ द्या.

जंगलाची जमीन पाऊस पिते. रस्ता पीत नाही. वर रस्त्यासाठी केलेली कापणी डोंगराच्या पोटातून हळूहळू झिरपत चाललेलं पाणी मध्येच तोडते आणि गटारात आणून सोडते. गटार ओढ्याला मिळतं. म्हणजे रस्त्याचं गटार हा तुम्ही स्वतःच्या हाताने खोदलेला नवा ओढा असतो. अमेरिकेतल्या ऑरेगॉनमध्ये लुकआउट क्रीक आणि ब्लू रिव्हर या दोन खोऱ्यांतल्या वनरस्त्यांची पाहणी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथे रस्त्यांच्या एकूण लांबीपैकी ५७ टक्के लांबीचं पाणी थेट ओढ्यांना जाऊन मिळत होतं. तुमच्या रस्त्यांवर हा आकडा किती येईल, हे मला सगळ्यात आधी जाणून घ्यायला आवडेल. तो कमी करणं म्हणजेच तुमचं काम.

उपाय साधा आहे : पाणी थोडं थोडं, वारंवार आणि पालापाचोळ्याच्या जमिनीवर सोडायचं. चढ सौम्य आणि माती घट्ट असेल तर रस्त्याला बाहेरच्या बाजूला ३ ते ५ टक्के कल द्या, म्हणजे गटारच नको. मात्र निसरड्या चिकण मातीत बाहेरचा कल ट्रकला धोक्याचा; तिथे आतला कल, आत गटार आणि ठरावीक अंतराने आडवी नळाची मोरी. मोरीचा व्यास ४५ सेंटिमीटरच्या खाली नेऊ नका, लहान नळ पानांनीच तुंबतो. मोरीऐवजी रस्त्यालाच लांबट, सपाट बुडी देता येते, ट्रक सावकाश वरखाली होत जातो आणि पाणी आडवं निघून जातं. मला ही बुडी मोरीपेक्षा आवडते. तिच्यात तुंबण्यासारखं काही नाही.

कच्च्या वाटांवर मातीचे आडवे पाणबांध घालताना २ टक्के चढाला ७५ मीटर, ५ टक्क्यांना ४०, १० टक्क्यांना २५ आणि १५ टक्क्यांना साधारण १८ मीटर अंतर ठेवा. माती भुसभुशीत असेल तर याहूनही जवळ. बांध काटकोनात नको, ३० ते ४० अंश तिरका. आणि खालचं तोंड मोकळं. खालच्या बाजूला मातीचा ढीग राहून गेलेले बांध मी इतके पाहिले आहेत की आता बांध पाहायच्या आधी त्याचं तोंडच पाहतो. शेवटचा निचरा ओढ्याच्या निदान ३० मीटर अलीकडे काढायचा, म्हणजे गढूळ पाणी जंगलात पसरून जिरेल.

ओढा ओलांडायचा तो काटकोनात, आणि कमीत कमी वेळा. मोरीचा आकार शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराला पुरेल असा. नळ मोठा करायला लोक कचरतात, पण त्याची क्षमता व्यासाच्या जवळपास अडीचाव्या घाताने वाढते : व्यास दुप्पट केला की पाणी साडेपाच पट जातं. आणि मोरी पाण्याने क्वचितच हरते, ती तुंबते ती फांद्या, ओंडके आणि गोट्यांनी. मी सुरुवातीच्या काळात ६० सेंटिमीटरचा एक नळ हिशेबात बसतो म्हणून मंजूर केला होता. हिशेब बरोबर होता. एका रात्री त्याच्या तोंडाशी एक फांदी आडवी अडकली, तिच्यामागे पाला साठला, आणि ओढा नळातून जायच्याऐवजी रस्त्यावर चढला. रस्ता पुढे उताराचा होता. पाणी रस्त्याने २०० मीटर गेलं आणि जिथे ओढा कधीच नव्हता अशा उतारावर कोसळलं. सकाळी तिथे माणूसभर खोल घळ होती. मोरी मात्र शाबूत! तेव्हापासून प्रत्येक मोरीपाशी मी एकच विचारतो : ही तुंबली तर पाणी कुठे जाईल? रस्त्याने जाणार असेल तर मोरीच्या किंचित पुढे रस्त्याला बुडी द्यायची, म्हणजे वर चढलेलं पाणी तिथेच आडवं होऊन स्वतःच्या ओढ्यात परत पडतं. पोकलेनचं अर्ध्या दिवसाचं काम असतं.

ओढ्यात मासे असतील तर मोरीच्या खालच्या तोंडाशी धबधबा होता कामा नये. वीतभर उंचीची उडीही लहान माशांना पुष्कळ झाली. तळ नसलेली कमान किंवा छोटा पूल बसवा, ओढ्याचा मूळ तळ तसाच राहू द्या.

पृष्ठभागाबद्दल थोडंच. लेस्ली रीड आणि थॉमस डन यांनी वॉशिंग्टन राज्यातल्या क्लिअरवॉटर नदीच्या खोऱ्यात खडीच्या वनरस्त्यांवरून वाहणारा गाळ मोजला. त्यांचं काम १९८४ मध्ये छापून आलं. जड वाहतुकीच्या रस्त्यावरून येणारा गाळ वापर बंद झालेल्या रस्त्याच्या १३० पट होता. रस्ता तोच, ट्रक मात्र दिवसभर धावणारे. म्हणून खडी विकत घ्यायला पैसे कमी असतील तर ती सगळीकडे पातळ पसरू नका. ओढ्याच्या दोन्ही अंगांना आणि तीव्र चढावर जाड टाका. ओल्या दिवसांत वाहतूक बंद ठेवायचा अधिकार जागेवरच्या माणसाकडे द्या, आणि कंत्राटात त्या थांबलेल्या दिवसांची भरपाई लिहा. ती नसेल तर ट्रक धावणारच, कुणालाही दोष देता येणार नाही. टायरमधली हवा कमी करून चालवली तरी चाकोऱ्या कमी पडतात, पण त्यासाठी वेगावर ताबा हवा.

जंगलाच्या आतल्या कामात एक गोष्ट बाकी सगळ्यांहून मोठी आहे : मातीचं दबणं पहिल्या काही फेऱ्यांतच बहुतांशी होऊन जातं. दहाव्या फेरीनंतर पन्नासावी फेरी फार काही बिघडवत नाही. त्यामुळे 'यंत्र सगळीकडे थोडं थोडं फिरवू, म्हणजे कुठेच जास्त दाब येणार नाही' हा भला विचार अगदी उलटा परिणाम करतो, सगळं जंगल दबतं. दबलेल्या मातीत हवा आणि पाणी शिरत नाही, मुळं वाढत नाहीत, आणि ती पूर्ववत व्हायला कित्येक दशकं लागू शकतात. ओढवाटा तोडीच्या आधी आखा, फितीने खुणावा, आणि पुढच्या तोडीलाही त्याच वापरा. त्यांनी १५ टक्क्यांहून जास्त जमीन खाऊ नये; तुमच्यासारख्या निवडक तोडीत १० च्या आत राहणं जमायला हवं. झाडं या वाटांकडे माशाच्या काट्यासारखी तिरकी पाडा, म्हणजे ओंडका वळवताना शेजारच्या रोपांची साल निघत नाही. स्किडर वाटेवरच थांबेल, विंचचा दोर आत जाईल. ही शिस्त सुरुवातीला कामगारांना त्रासाची वाटते, आठवड्याभरात त्यांनाच ती वेगवान वाटायला लागते. तोडीच्या आधी प्रत्येक झाडाची नोंद, वेली आधीच कापणं, दिशा ठरवून पाडणं हे सगळं जागतिक अन्न व कृषी संघटनेने १९९६ मध्ये काढलेल्या वनतोडीच्या आदर्श संहितेत आहे. तेवढा भाग कंत्राटाला जोडून टाका.

फांद्या आणि पानं जंगलातच राहू द्या, झाडातल्या पोषकद्रव्यांचा मोठा वाटा त्यांत असतो. ओल्या जागी त्याच फांद्यांची गादी यंत्राच्या वाटेवर अंथरा. दोन्ही कामं एकाच ढिगातून होतात.

शेवटी बंद करायच्या रस्त्यांकडे. तुमच्या आराखड्यात प्रत्येक रस्त्यापुढे एक रकाना हवा : कायमचा, की या फेरीपुरता. फेरीपुरता असेल तर तोड संपल्याबरोबर, पहिल्या पावसाच्या आधी, त्यावरच्या मोऱ्या काढायच्या आणि ओढ्याच्या पात्रातला भराव पूर्ण उचलून काठ मूळ उताराला आणायचे. फाटकाला कुलूप लावलं म्हणजे रस्ता बंद झाला, असं नसतं; माणसं थांबतात, कुलपामागची मोरी आपल्या वेळेला तुंबतेच. कॅलिफोर्नियातलं रेडवुड राष्ट्रीय उद्यान १९७८ मध्ये वाढवलं तेव्हा लाकूडतोडीच्या काळातले शेकडो किलोमीटर रस्ते त्याच्या हद्दीत आले, आणि ते उखडून ओढे मोकळे करण्याचं काम पुढे कित्येक वर्षं चाललं. तुमचे फेरीपुरते रस्ते तोडीचं पोकलेन जागेवर असतानाच बंद करा, कारण ते एकदा उतरून गेलं की पुन्हा चढवायला कुणी पैसे देत नाही.

सुधारित आखणी केलीत की नकाशावर ओढ्यांचे सगळे ओलांड, त्यांच्यापुढे नळाचा व्यास आणि 'तुंबली तर पाणी कुठे' हे लिहून पाठवा. चढ आणि रुंदी मी त्यानंतर तपासतो.